पिशवी काढलेल्या बाईच्या फुगणाऱ्या पोटाची विचारपूस कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या उन्हाळ्यात माझी गर्भाशयाची पिशवी काढली. गाठी होत्या, अंगावरून इतकं जायचं की रक्त (हिमोग्लोबिन) सातावर आलं होतं, आणि गोळ्या-इंजेक्शनांचे सगळे उपाय करून झाले होते. ऑपरेशन गरजेचं होतं आणि नीट झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या पोटफुगीबद्दल. हा काय पेपरात लिहायचा विषय आहे का, असं घरात एक-दोघांनी म्हटलं. मला मात्र तो लिहायलाच हवा असं वाटतं. आमच्या गावात पिशवी काढलेल्या बाया प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांच्यापैकी जिच्याशी म्हणून बोलले तिने हे सोसलेलं आहे, आणि आधी कोणी सांगून ठेवलं होतं असं एकीच्याही तोंडून ऐकलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे तिघींहून थोड्या जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आहे, आणि पन्नाशीपुढच्या बाया तर या हिशेबात धरलेल्याच नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न पेपरांत गाजला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांना आळा घालायला राज्यांना सांगितलं. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण जिचं ऑपरेशन गरजेचं होतं आणि होऊन गेलं, ती घरी परत आल्यावर काय करते, काय खाते, रात्री पोट धरून का बसते, हे मला कुठे छापून आलेलं दिसलं नाही.

माझं ऑपरेशन पोटावर आडवा चिरा देऊन झालं. टाके दुखतील ही मनाची तयारी होती. पोट फुगेल ही नव्हती. दुसऱ्या दिवशी पोट डफड्यासारखं ताणलं. बाहेरून टाके ओढायचे, आतून वारा. कूस बदलायची सोय नाही, खोकायची सोय नाही. सिस्टर यायच्या आणि सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने विचारायच्या, "वारा सरला का?" शेजारच्या खाटेवर माझ्यासारखंच ऑपरेशन झालेली एक तरुण सून होती आणि तिच्या उशाशी तिचे सासरे बसलेले असायचे. ती मान खाली घालून नाही म्हणायची. सरला असला तरी नाहीच म्हणायची. त्या उत्तरावर तिला खायला द्यायचं की नाही हे ठरत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. सासरे चहाला गेल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, कालच सरला, पन बुवासमोर कसं सांगू?" मीच सिस्टरना बोलावून सांगितलं, तेव्हा तिला पेज मिळाली. सिस्टरवर माझा राग नाही, एकटीच्या अंगावर पूर्ण वॉर्ड होता. पण हा प्रश्न कानाशी वाकून विचारायला जास्तीचा वेळ लागत नाही.

माझी भाची नर्सिंग शिकते. भेटायला आली तेव्हा तिने मला जे समजावलं, ते ऑपरेशनच्या आधी कळलं असतं तर माझा अर्धा घोर गेला असता. ती म्हणाली, मावशी, पोट उघडलं, आतड्यांना हात लागला, भूल दिली, वरून दुखण्याची कडक औषधं चालू असली, की आतडी काही काळ काम थांबवतात. लहान आतडं साधारण दिवसभरात चालू होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. तोवर आतली हवा पुढे सरकत नाही, आणि फुगतं ते त्यामुळे. वारा सरला की आतडी कामाला लागली असं डॉक्टर समजतात, म्हणून तर एवढं विचारतात. दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या बायांचं आणखी एक असतं. आतलं नीट दिसावं म्हणून त्यांच्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो नंतर काढून टाकतात, पण थोडा मागे राहतो आणि छातीच्या पडद्याला टोचतो. त्यामुळे ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, असं होतं. दोन-चार दिवसांत ते कमी होतं. आमच्या गावातली एक बाई त्या खांद्याच्या दुखण्याने हृदयाचा झटका समजून रात्रभर रडत होती. (छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर मात्र ते अंगावर काढू नये. त्याबद्दल पुढे लिहिते.)

घरी आले आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरांच्या अक्षरात. तोंडी सांगितलं ते एवढंच : आराम करा, हलकं खा, वजन उचलू नका, टाके काढायला या. पोट फुगलं तर काय, हे त्यात कुठेच नव्हतं.

सासूबाईंनी मला बाळंतिणीसारखं ठेवलं. माया होती त्यात. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, वर तुपाची धार. आतडी धड चालत नव्हती आणि पोटात डिंक जात होता. त्यातच भेटायला येणारे. कोणी आलं की चहा टाकायचा, आणि पेशंटला सोडून कसं प्यायचं म्हणून दरवेळी मलाही अर्धा कप. सोबत आणलेल्या बिस्किटांचे पुडे. दिवसभर दूध-साखर-मैदा पोटात, आणि जेवायच्या वेळी भूक नाही. भेटायला येणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ऑपरेशनवाल्या बाईला चहाचा आग्रह करू नका. आणायचंच असेल तर पपई आणा, मोसंबी आणा.

आपल्या रोजच्या जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "हलकं खा" म्हटल्याने आमच्या घरात चूल पेटत नाही. वऱ्हाडात रोजचं म्हणजे तुरीचं वरण, चून (बेसनाचं पिठलं) आणि भाकर, पातोडीची भाजी, सणावाराला वडा-भात. सगळीकडे तूर आणि हरभरा. या डाळींत काही अशी साखर असते की ती लहान आतड्यात पचत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते आणि गॅस धरतो. धडधाकट माणूस वावरात राबून तो जिरवतो, ऑपरेशनवालीला ते जमत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे चून, पातोडी, वडे, हरभऱ्याची उसळ, वाल, कोबी, फुलकोबी, कच्चा कांदा बाजूला ठेवलेला बरा. पण डाळ साफ बंद करू नये. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आमच्या बायांच्या ताटात आधीच ती कमी असतात. मुगाची डाळ तुरीपेक्षा सोसते. मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, दोडका, लौकी, कोहळं, ज्यांना चालतं त्यांना उकडलेलं अंडं. दुधाने पोट गुडगुडत असेल तर दुधाऐवजी दही-ताक घ्यावं. आणि एकदम ताटभर न खाता दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, चावून, बसून. माझ्या जावेने नंतर हेच केलं. एका वाटीत कण्या काढून ठेवायची आणि दर दोन-अडीच तासांनी समोर आणायची. आठवडाभरातच मला फरक जाणवला.

रक्त कमी असलेल्या बायांना लोहाच्या गोळ्या देतात. त्यांनी संडास घट्ट होते, काळी होते, आणि बाया घाबरून गोळ्या टाकून देतात. माझ्यासारखं रक्त सातावर असलेल्या बाईने गोळी सोडली तर जखम कशी भरणार? गोळी चहासोबत घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यावी. संडास फारच घट्ट होत असेल तर डॉक्टरांना सांगून ती पातळ करणारं औषध घ्यावं. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्यासोबत घ्यावा, कमी पाण्यात तो उलट अडकतो. दुखण्याच्या काही कडक गोळ्यांनीही आतडी मंदावतात. पण दुखतंय म्हणून बाई हललीच नाही तर वारा आणखी अडतो. तेव्हा गोळी मनाने बंद न करता, बदलून मिळेल का ते विचारावं.

आता पाण्याचं. हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला पटकन कळणार नाही. आमच्याकडे ऑपरेशन शक्यतो उन्हाळ्यावर टाकतात. जूनमध्ये पेरणी, मग निंदण-खुरपण, ऑक्टोबरपासून कापूस वेचणी, ती संक्रांत ओलांडून चालते. बाईचा जीव मोकळा होतो तो फेब्रुवारीनंतर. म्हणजे बरं व्हायचे दिवस नेमके एप्रिल-मेमध्ये, ४४-४५ अंशांत. घामाने अंगातलं पाणी जातं, नळ एक दिवसाआड, आणि त्यात बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण संडासला जायची भीती. टाके ताणतील म्हणून भीती, उकिडवं बसता येत नाही म्हणून भीती, संडास अंगणापलीकडे आणि रात्री अंधार म्हणून भीती. पाणी कमी, की मळ घट्ट. मळ घट्ट, की वारा अडतो. वारा अडला, की पोट फुगतं. फुगलं, की बाई जेवण-पाणी आणखी कमी करते. हे चक्र मी गावात किती घरांत पाहिलंय! माझ्या घरी आमच्या ह्यांनी एका जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध गोल कापलं, कडा मेणबत्तीवर शेकून गुळगुळीत केल्या आणि ती संडासच्या भांड्यावर ठेवली. पायाखाली एक वीट. गुडघे जरा वर आले की जोर करावा लागत नाही. त्या खुर्चीने माझं जेवढं काम केलं तेवढं कोणत्या चूर्णाने केलं नाही. नंतर ती खुर्ची गल्लीतल्या आणखी दोन घरी जाऊन आली.

चालणं हा यातला सगळ्यात मोठा उपाय आणि सगळ्यात जास्त अडवला जाणारा. डॉक्टर म्हणतात पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चाला. चालल्याने आतडी हलतात, पायात रक्ताच्या गाठी होत नाहीत. घरी आल्यावर मात्र खाटेवरून पाय खाली ठेवला की आवाज येतो, "काहून फिरून रायली वं? टाके तुटतीन ना!" मी दिवस उजाडायच्या आत अंगणात फेऱ्या मारायची, दुपारी ओसरीपासून सैपाकघरापर्यंत, दिवस मावळल्यावर पुन्हा अंगणात. एका दमात खूप चालायचं नाही, थोडं थोडं आणि पुष्कळदा. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नये. आधी कुशीवर वळावं, मग हाताने रेटा देऊन बसावं. खोकला-शिंक आली की घडी घातलेलं दुपटं टाक्यांवर हलकेच दाबून धरावं. वारा अडला की डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडे सैल घेऊन पडावं. मला त्याने उतार पडायचा. ओव्याचं कोमट पाणीही बरं वाटायचं. सोडा-लिंबाने मात्र भलतंच होतं. खायचा सोडा पोटात गेला की त्यातूनच गॅस निघतो, ढेकर येते म्हणून बरं वाटतं एवढंच.

च्युइंग गमचं भाचीने सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत, डॉक्टरांची परवानगी असेल तर, बिनसाखरेचा गम थोडा वेळ चघळला की आतडी लवकर जागी होतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. तोंड हललं की आतड्यांना वाटतं जेवण येतंय. घरी आल्यावर मात्र तो चालू ठेवू नये, चघळताना हवा गिळली जाते. आणि हे मुद्दाम लिहिते, आमच्याकडे चघळायचं म्हटलं की हात खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीकडे जातो, बायांचासुद्धा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. गमच्या जागी खर्रा चालणार नाही.

पोट संध्याकाळी फुगायचं आणि सकाळी उतरायचं, हे पुष्कळ आठवडे चाललं. सकाळी परकर नीट बसायचा, संध्याकाळी त्याची नाडी बरोबर टाक्यांच्या रेषेवर रुतायची, कातडीवर लाल वळ उठायचा. मी गाऊन घालायला लागले. आमच्याकडे सासऱ्यांसमोर दिवसा गाऊन घालणं बरं दिसत नाही म्हणतात. सासऱ्यांनाच एकदा सरळ सांगितलं, मामंजी, नाडी टाक्यात जाते. ते म्हणाले, "मंग घाल ना बापा, कोन काय म्हनते?" आणि तो विषय संपला. ही संध्याकाळची फुगवट सगळीच गॅसची नसते. कापलेल्या स्नायूंत आणि कातडीखाली सूज असते, दिवसभर उभं राहिलं, काम केलं की ती वाढते. सहा आठवड्यांपर्यंत, काहींना दोन-तीन महिनेही असं होतं. ती हळूहळू कमी होत जायला हवी, एवढं पाहायचं.

हे कोणी सांगत नाही, म्हणून बाया आपापली कारणं शोधतात. आमच्या गावात सगळ्यांचं ठाम मत आहे की पिशवी काढली की पोटात पोकळी राहते आणि तिथे हवा भरते. "जागा खाली झाली तं हवा भरनच ना बाई." असं नाही हो. पिशवी मुळात मुठीएवढी, ती निघाली की आतडी सरकून त्या जागेत बसतात. पोकळी राहत नाही. पण या समजुतीपायी पोट करकचून बांधतात, बाळंतिणीचं बांधतात तसं, जुन्या लुगड्याने. डॉक्टरांनी दिलेला पट्टा चालताना आधार देतो, तो ते सांगतील तेवढाच वेळ घालावा. फुगलेल्या पोटावर लुगडं आवळल्याने वारा निघत नाही, श्वास मात्र कोंडतो. त्याहून वाईट म्हणजे, बेंबी सरकली म्हणून पोट चोळणारी बाई बोलावतात. पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घालतात, तो कातडी ओढून धरतो. ताज्या टाक्यांच्या वर! ज्या म्हाताऱ्या हे करतात त्या वाईट नाहीत, आयुष्यभर त्यांनी गावच्या बाया सांभाळल्या आहेत. पण कापलेल्या पोटाला हे करायचं नसतं, हे त्यांनाही कोणी येऊन सांगितलेलं नाही.

न सांगण्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. आमच्या शेजारच्या घरची सून फुगलेल्या पोटाला घाबरली. रात्री भाड्याची गाडी करून तिला शहरात नेलं. फोटो काढले, तपासण्या केल्या, सकाळी वारा सरला आणि ती घरी आली. सोयाबीन विकून आलेले पैसे त्यात गेले. पलीकडच्या गावातल्या माझ्या मावसबहिणीचं नेमकं उलट झालं. तिला सगळ्यांनी "होते तसं, ऑपरेशनात होते" असं सांगून घरी ठेवलं. पोट कडक होत गेलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तरी ओवा आणि शेक चालू. आतडं अडकलं होतं. दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं. वाचली, पण एक वर्षभर ती वावरात जाऊ शकली नाही. दोघींच्याही घरात नेमकं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे सांगणारा एक कागद असता, तर?

म्हणून ते इथे लिहिते, आणि कृपा करून हा भाग जागेअभावी कापू नये. पोट दिवसेंदिवस जास्त फुगत आणि कडक होत असेल. उलट्या थांबत नसतील, हिरव्या होत असतील. पोट दुखतंय आणि वाराही नाही, संडासही नाही, असं होऊन बसलं असेल. ताप १००.४ च्या वर जात असेल. टाक्यांतून पू येत असेल किंवा अंगावरून घाण वासाचं जात असेल. तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त जात असेल. लघवी अडली असेल किंवा आपोआप गळत असेल (लघवी तुंबली तरी ओटीपोट फुगतं, ते गॅससारखंच वाटतं). एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल. यातलं एकही असलं तर ओवा, शेक, उद्या पाहू, काही नाही. त्याच वेळी दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. घरच्या पुरुषांनीही हे वाचून ठेवावं, कारण गाडी कधी काढायची हे आमच्याकडे तेच ठरवतात.

आणखी एक. पिशवी काढली म्हणजे पोटाची चिंता आयुष्यभरासाठी मिटली, असं बायांना वाटतं. पुष्कळ जणींचे अंडाशय तसेच ठेवलेले असतात. ऑपरेशनला वर्षं झाली आणि पोट पुन्हा आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहतंय, दोन घासांत पोट भरतंय, तर तो गॅस म्हणून सोडून देऊ नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशी असू शकते. तपासून घ्यावं.

आणि आता कापसाचं. टाके वरून भरले की आठ-पंधरा दिवसांत बाई कामाला लागते. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे तरी वजन उचलायचं नसतं. उन्हाळ्यात निदान पाण्याच्या गुंडांपुरतं ते सांभाळता येतं. पण काहींचं ऑपरेशन दिवाळीच्या आसपास करावंच लागतं, आणि वेचणीची मजुरी किलोवर असते, घरी बसलं तर शून्य. वेचणाऱ्या बाया कंबरेला ओटी, म्हणजे कापडाची झोळी, बांधतात. कापूस भरत जातो तशी ती पोटावर लोंबते, तिची गाठ आणि तिचं ओझं बरोबर चिऱ्यावर येतं, आणि त्या ओझ्यानिशी दिवसभर वाकायचं. संध्याकाळी पोट फुगलं, दुखलं, तर म्हणतात गॅस झाला. गॅस नाही तो. त्या बाईने त्या दिवसांत ओटी बांधायलाच नको होती. डिस्चार्ज देताना "जड उचलू नका" म्हणतात, तेव्हा बाईच्या डोळ्यांपुढे पोतं येतं, ओटी येत नाही. यवतमाळ-वर्धा-अमरावतीच्या दवाखान्यांनी तरी "कापसाची ओटी बांधू नका" हे शब्द उच्चारून सांगावेत.

माझं मागणं काय ते लिहिते. गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यात धोक्याची लक्षणं चित्रांसकट छापलेली असतात, न शिकलेल्या बाईलाही कळतात. मी ती कार्डं रोज हाताळते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला आणि आईला घरी जाऊन पाहते. हे चांगलं काम आहे, त्याने बाळं वाचली आहेत. तीच बाई दहा-पंधरा वर्षांनी पिशवी काढून घरी येते तेव्हा तिच्या दारात कोणी येत नाही. तिच्या हातात चित्राचं कार्डही नाही. मूल देणारी पिशवी होती तोवर सरकार तिच्या घरी येत होतं. आता तिचं कोणी नाही का?

एक पान पुरे. मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह. काय खायचं, कसं उठायचं, किती चालायचं, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला घाबरायचं. सरकारी असो की खासगी, डिस्चार्ज देताना ते पान सिस्टरने बाईला आणि सोबतच्या माणसाला वाचून दाखवावं. आणि आशाताईच्या निदान दोन भेटी, एक पहिल्या आठवड्यात, एक टाके निघाल्यानंतर. त्या भेटींचा मोबदला तिला मिळाला पाहिजे. आशाताईला बरेचसे पैसे कामागणिक मिळतात आणि तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, फुकटात आणखी एक काम नको. आमच्या अंगणवाडीत दर महिन्याला ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो, त्या दिवशी एएनएमताई (उपकेंद्राच्या नर्सबाई) येतात. पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बायांनाही त्या दिवशी बोलावावं, पोट-टाके पाहावेत, रक्त तपासावं. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवी गाडी लागत नाही.

वरून आदेश येईपर्यंत मी थांबलेली नाही. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी हे सगळं खडूने लिहून ठेवलंय. ज्या बाईचं ऑपरेशन ठरलं तिला जायच्या आधी बोलावून सांगते, तिच्या सासूला आणि नवऱ्यालाही सोबत बसवते. आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून हे नीट तपासून, चित्रांसह छापून द्याल, तर आमच्या तालुक्यातल्या सेविका ते कापून आपापल्या भिंतीवर लावतील, ही जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

(पत्र छापताना कृपया नाव व गाव देऊ नये.)